माळेगाव टाकलं की नाशिक येतंय, कंधार टाकलं की अफगाणिस्तान! मोबाईलमधल्या ग्रंथालयाचं दार नेमकं कुठं अडतंय?

लोहा (प्रतिनिधी) : पुतणी एम.ए.ला आहे. तिला माळेगावच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारावर पंचवीस-तीस पानांचा प्रकल्प लिहून द्यायचा होता. यात्रा आपल्याच तालुक्यातली. दरवर्षी मार्गशीर्षात आम्ही सगळे जातो. म्हणलं, यात काय अवघड आहे? मोबाईल आहे, नेट आहे, एवढ्या मोठमोठ्या संस्थांची ऑनलाइन ग्रंथालयं आहेत. संध्याकाळी बसली अन् 'माळेगाव' टाकलं. सगळं नाशिककडचं मालेगाव आलं. इंग्रजीत दोन्ही गावांची अक्षरं सारखीच, मशीनला काय कळणार?

मग तिनं 'लोहा' टाकलं. लोखंडाची माहिती आली. पंडुरोगात लोहाच्या गोळ्या किती घ्याव्या, तेही आलं. 'कंधार' टाकलं तर थेट अफगाणिस्तान. लेकरू हसाय लागलं, "काका, आपण नकाशावर आहोत का नाही?"

शेवटी एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटवर 'ग्रंथालय' असं लिहिलेलं सापडलं. उघडलं तर इमारतीचा फोटो, उघडायची-बंद व्हायची वेळ आणि जुन्या एका कार्यक्रमाची बातमी. 'ई-साधने' नावाच्या बटणावर बोट ठेवलं तर लॉगिन मागितलं. फोन केला तर ग्रंथालय म्हणालं, "कॉम्प्युटर विभागाला विचारा." कॉम्प्युटर विभाग म्हणाला, "ते ग्रंथालयाचं काम आहे." दुसऱ्या दिवशी ती एसटीनं स्वतः गेली. काउंटरवरच्या वयस्कर कर्मचाऱ्यानं विषय ऐकला, आत गेले आणि दहा मिनिटांत माळेगावच्या यात्रेवरचं एक जुनं पुस्तक हातात आणून दिलं.

म्हणजे पुस्तक होतं. माहिती असलेला माणूसही होता. पोर्टलला मात्र काहीच माहीत नव्हतं. उद्या तो माणूस निवृत्त झाला तर ते पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखंच. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा म्हणलं. अशी ऑनलाइन ग्रंथालयं बनतात कशी, मोठ्या संस्थेत ती का अडकतात, आणि आज आपल्या मोबाईलवर कोणती दारं खरंच उघडी आहेत, ते या लेखात बघू.

ऑनलाइन ग्रंथालय म्हणजे एक नाही, तीन खोल्या

लोकांना वाटतं, ऑनलाइन ग्रंथालय म्हणजे सगळी पुस्तकं मोबाईलमध्ये. तसं नसतं. कुठल्याही विद्यापीठाच्या किंवा मोठ्या संस्थेच्या ग्रंथालय पोर्टलमध्ये साधारण तीन वेगवेगळ्या खोल्या असतात. हे तीन वेगळे आहेत एवढं कळलं तरी निम्मी चिडचिड कमी होते.

पहिली खोली म्हणजे यादी. कोणतं पुस्तक आहे, कुणी लिहिलं, कोणत्या कपाटात आहे, सध्या कुणी नेलंय का, हे त्यात दिसतं. इथं पुस्तक वाचायला मिळत नाही, फक्त 'आहे की नाही' ते कळतं. पण पन्नास-साठ रुपये तिकीट काढून जायच्या आधी एवढं कळणं काही थोडं नाही.

दुसरी खोली म्हणजे संस्थेचं स्वतःचं भांडार. संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी केलेले पीएच.डी.चे प्रबंध, संस्थेची जुनी मासिकं, अहवाल, दुर्मीळ पुस्तकं हे स्कॅन करून ठेवलेलं असतं. हे संस्थेचं स्वतःचं असल्यानं सगळ्यांसाठी खुलं ठेवता येतं.

तिसरी खोली म्हणजे विकत किंवा भाड्यानं घेतलेला माल. परदेशी कंपन्यांची संशोधन मासिकं, ई-पुस्तकं वगैरे. यासाठी संस्था दरवर्षी पैसे भरते आणि करारात लिहिलेलं असतं की आमच्याच विद्यार्थी-प्राध्यापकांना दाखवू. म्हणून इथं लॉगिन लागतं. त्यात ग्रंथपालाचा आडमुठेपणा नसतो, करारच तसा असतो.

घोळ कुठं होतो? बऱ्याच संस्था तिन्ही खोल्यांना एकच कुलूप लावतात. जे सगळ्यांचं आहे तेही लॉगिनच्या मागं जातं. गावातल्या माणसाला वाटतं आपल्याला बंदी आहे. खरं तर दोन खोल्या त्याच्यासाठी उघड्या ठेवता येतात.

मोठ्या वाड्यातली एक खोली

गावातलं वाचनालय स्वतःचा मालक असतं. मोठ्या संस्थेतलं ग्रंथालय म्हणजे मोठ्या वाड्यातली एक खोली. वाड्याची वेबसाइट वेगळ्याच लोकांच्या हातात असते. पहिल्या पानावर प्रवेश, निकाल, निविदा, पदवीदान समारंभाचे फोटो. ग्रंथालय चार पायऱ्या आत, एखाद्या कोपऱ्यात. ग्रंथपालाला साधी एक ओळ बदलायची असली तरी अर्ज द्यावा लागतो.

दुसरी मोठी अडचण पत्त्याची. चार-पाच वर्षांनी संस्था नवी वेबसाइट बनवून घेते. नवा ठेकेदार येतो, नवं रूप येतं, आणि जुन्या पानांचे पत्ते मरतात. विद्यार्थ्यानं वहीत लिहून ठेवलेली लिंक, शिक्षकानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली लिंक, सगळ्या एका रात्रीत बंद. घर पाडून नवं बांधलं पण पोस्टमनला सांगितलंच नाही, असा प्रकार.

यावर उपाय आहे आणि तो जगभर वापरला जातो. प्रत्येक पुस्तकाला किंवा प्रबंधाला एक कायमचा क्रमांक द्यायचा. वेबसाइट कितीही बदलली तरी तो क्रमांक त्या पुस्तकापर्यंत नेतो. सातबाऱ्याचा मालक बदलला तरी गट नंबर तोच राहतो ना, तसंच.

तिसरी गोष्ट पैशाची. लोकांना वाटतं यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं. तसं काही नाही. यादीसाठी 'कोहा' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयानं ते बनवून घेतलं आणि २००० सालच्या जानेवारीत वापरायला सुरुवात केली. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागलं की बंद पडेल अशी भीती होती, म्हणून नवं केलं आणि जगाला मोकळं देऊन टाकलं. तिथल्या माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, आपल्याकडच्या आहेरासारखी. आज आपल्या देशातली कितीतरी महाविद्यालयं ते वापरतात. प्रबंध-पुस्तकं साठवायला 'डीस्पेस' नावाचं तसंच मोफत सॉफ्टवेअर आहे, ते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून २००२ मध्ये आलं. सरकारी ग्रंथालयांसाठी आपल्या एनआयसीचं 'ई-ग्रंथालय' आहे.

म्हणजे सॉफ्टवेअर फुकट. मग पैसा कशाला लागतो? माणसाला. स्कॅन करणारा, नोंद लिहिणारा, दर महिन्याला तपासणारा माणूस लागतो. ज्या संस्थेनं हा माणूस नेमला तिथलं पोर्टल चालतं. जिथं उद्घाटनाची फीत कापली आणि माणूस नेमलाच नाही, तिथं फक्त फोटो राहतो.

पुस्तक आहे, पण नोंदच नाही

शेतकऱ्याला हे पटकन कळेल. जमीन तुमच्या ताब्यात आहे, कसताय, पीक काढताय. पण सातबाऱ्यावर नोंद नसेल तर कर्ज मिळत नाही, अनुदान मिळत नाही. कागदाच्या दृष्टीनं तुमची जमीनच नाही. ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तकाचं तसंच असतं. पुस्तक टाकताना कुणीतरी त्याची नोंद लिहितो : नाव, लेखक, साल, विषय, ठिकाण. शोधणारं मशीन पुस्तक वाचत बसत नाही, आधी ही नोंद बघतं.

नोंदीत नुसतं इंग्रजीत 'मालेगाव' लिहिलं तर ते नाशिकच्या ढिगात जाणार. 'माळेगाव, तालुका लोहा, जिल्हा नांदेड, खंडोबा, यात्रा, जनावरांचा बाजार' असं लिहिलं तर माझ्या पुतणीला पहिल्या फटक्यात सापडलं असतं. हे दोन मिनिटांचं काम आहे. पण ते करणाऱ्याला माळेगाव दोन आहेत हे माहीत पाहिजे. पुण्या-मुंबईत बसलेल्या ठेकेदाराच्या मुलाला ते कसं माहीत असणार? म्हणून नोंद लिहायला त्या भागातला माणूस लागतो.

आपल्या लालकंधारी गायी-बैलांचंच घ्या. कुणी 'लालकंधारी' जोडून लिहितं, कुणी 'लाल कंधारी' तोडून, इंग्रजी अहवालात 'रेड कंधारी' असतं. तीन नावं, जनावर एकच. चांगल्या पोर्टलमध्ये नोंद लिहिणारा तिन्ही नावं टाकून ठेवतो.

फोटो आणि अक्षरं यातला फरक

अजून एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. पुस्तक स्कॅन केलं म्हणजे पानाचा फोटो निघतो. तुम्हाला त्यात अक्षरं दिसतात, पण मशीनला फक्त काळे-पांढरे ठिपके दिसतात. अशा फाइलीत तुम्ही 'यात्रा' हा शब्द शोधला तर काहीच सापडणार नाही, जरी पानोपानी तो शब्द असला तरी. फोटोतून अक्षरं ओळखून काढणारं तंत्र आहे, त्याला ओसीआर म्हणतात. देवनागरीसाठी ते आता बऱ्यापैकी काम करतं, पण जुनी छपाई पुसट असली, जोडाक्षरं तुटलेली असली की चुका होतात. मग माणसानं बसून तपासावं लागतं.

दुसरी भानगड फॉन्टची. युनिकोड रुळायच्या आधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. तो मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करून घेतलेल्यांना हा अनुभव असेलच. सरकारी कार्यालयांत आणि संस्थांत असा कितीतरी मजकूर पडून आहे. तो युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय मोबाईलवर शोधता येत नाही.

आणि फाइलीचं वजन. पाचशे पानांचं पुस्तक एकाच जड फाइलीत टाकलं तर शहरात वायफायवर उघडतं. आमच्या शिवारात टॉवरच्या दोन कांड्या येतात, तिथं अर्धा तास गोल-गोल फिरत राहतं. तेच प्रकरणवार लहान फाइली केल्या तर बांधावर बसूनही वाचता येतं.

मराठीतलं चांगलं उदाहरण : विश्वकोश

हे सगळं नीट केलं तर काय होतं, याचं आपल्या भाषेतलं उदाहरण म्हणजे मराठी विश्वकोश. १९६० मध्ये राज्य झालं आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांनी साताऱ्याजवळच्या वाईत बसून विश्वकोशाचं काम उभं केलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला. १९८० मध्ये या कामासाठी वेगळं विश्वकोश निर्मिती मंडळ झालं. एकूण खंड वीस. एकेक खंड असा जाडजूड, की गावातल्या शाळेत पूर्ण संच असणं म्हणजे नशीबच.

आज ते खंड मोबाईलवर फुकट वाचता येतात. लॉगिन नाही, पैसे नाहीत. आणि मुख्य म्हणजे तिथं पानांचे फोटो नाहीत, युनिकोडमधली अक्षरं आहेत. म्हणून 'ज्वारी' टाकलं की ज्वारीची नोंद समोर येते. एकेक नोंद वेगळ्या पानावर असल्यानं कमी नेटवरही उघडते.

यात आपल्या विषयाची खरी शिकवण आहे. विश्वकोश मंडळानं नव्या नोंदींसाठी विषयवार 'ज्ञानमंडळं' केली. एकेका विषयाची जबाबदारी त्या विषयातल्या जाणकारांच्या गटाकडं. मोठी संस्था वरून सगळं करत बसली नाही, तर काम वाटून दिलं आणि एकत्र दाखवायची जागा एक ठेवली. गुगलवर 'मराठी विश्वकोश' टाकलं की एकाहून जास्त पानं दिसतील. एकीकडं छापील खंडांतल्या नोंदी, दुसरीकडं ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी. दोन्ही बघा.

शेतकऱ्यासाठी : कृषिकोश

आता आपल्या पोटापाण्याची गोष्ट. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून तिथं कितीतरी विद्यार्थ्यांनी आपल्याच मातीवर, आपल्याच पिकांवर प्रबंध लिहिले. नांदेडचं कापूस संशोधन केंद्र याच विद्यापीठाचं. आपले वडील ज्याला 'नांदेड-४४' म्हणायचे तो एनएचएच-४४ हा कापसाचा संकरित वाण तिथलाच. हे सगळं संशोधन आपल्या कराच्या पैशातून झालं. पण ते ज्या प्रबंधात आहे, त्याची प्रत ग्रंथालयातल्या कपाटात. शेतकऱ्यानं ते कधी बघायचं?

यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या व्यवस्थेत 'कृषिकोश' नावाचं भांडार केलं. देशातल्या कृषी विद्यापीठांनी आपापले प्रबंध आणि जुनी प्रकाशनं तिथं टाकायची, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं पुढाकार घेऊन एका जागी सांभाळायची. यात परभणी विद्यापीठाचेही प्रबंध आहेत. काही पूर्ण उघडतात, काहींचा फक्त सारांश दिसतो.

इथं शोधताना एक लक्षात ठेवा. प्रबंध बहुतेक इंग्रजीत आहेत. 'तुरीची मर' टाकलं तर काही येणार नाही. 'पिजनपी विल्ट' असं इंग्रजी अक्षरांत टाकावं लागतं. पिकाचं आणि रोगाचं इंग्रजी नाव कृषी सहायकाला विचारा, किंवा औषधाच्या डब्यावर बघा. प्रबंध उघडला की आधी शेवटचं निष्कर्षाचं प्रकरण वाचा. इंग्रजी अवघड गेलं तर कॉलेजातल्या लेकराला बसवा, किंवा मोबाईलमधलं भाषांतर वापरा.

आणि महत्त्वाचं : प्रबंध म्हणजे शिफारस नव्हे. एका ठिकाणी एक-दोन हंगाम केलेला तो प्रयोग असतो. त्यात वाचून थेट फवारणीचा डोस ठरवू नका. विद्यापीठाची अधिकृत शिफारस वेगळी असते. ती 'शेतीभाती' मासिकात, कृषी दैनंदिनीत किंवा आपल्या जिल्ह्यातल्या सगरोळी आणि पोखर्णीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. प्रबंध वाचून एवढंच होतं की तुम्ही नेमका प्रश्न विचारू शकता. तेही काही कमी नाही.

विद्यार्थ्यांसाठी : शोधगंगा आणि लॉगिनचा प्रश्न

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडं. तिथं पीएच.डी. झालेल्यांचे प्रबंध 'शोधगंगा' नावाच्या भांडारात सापडतात. शोधगंगा चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र. देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध तिथं आहेत आणि ते वाचायला लॉगिन लागत नाही.

मघाशी कायमच्या क्रमांकाचं सांगितलं, तो इथं बघायला मिळतो. शोधगंगेतल्या प्रत्येक प्रबंधाला १०६०३ नं सुरू होणारा क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवला की प्रबंध पुन्हा सापडतो. आणि प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फाइलीत असतो, म्हणून पाहिजे तेवढंच उतरवता येतं. आधी विद्यापीठाचं नाव निवडा, मग विभाग, मग विषय. वरच्या चौकटीत नुसतं गावाचं नाव टाकण्यापेक्षा हा रस्ता जवळचा.

लॉगिन लागणाऱ्या तिसऱ्या खोलीचं काय? केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक देश एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, जवळपास १३ हजार संशोधन मासिकं. १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी ती आहे. याचंही काम इन्फ्लिबनेटकडंच.

पण पैसे दिल्लीत भरले म्हणजे लोह्यातल्या लेकराच्या मोबाईलवर मासिक उघडेल असं नाही. संस्थेच्या आवारातल्या वायफायवर ते आपोआप उघडतं. घरून उघडायचं तर संस्थेनं प्रत्येक विद्यार्थ्याला वापरनाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' नावाची व्यवस्था त्याचसाठी आहे. ग्रंथपालानं विद्यार्थ्यांची यादी भरली तर दार उघडतं, नाही भरली तर बंद. खेड्यातून ये-जा करणारं लेकरू पाच वाजता एसटी धरून घरी येतं. त्याचा अभ्यास रात्री घरीच होतो. त्याला घरून लॉगिन नसेल तर त्या ६ हजार कोटींतलं त्याच्या वाट्याला काय आलं?

आज उघडी असलेली दारं

ही नावं गुगलवर मराठीत किंवा इंग्रजीत टाका. पत्ता पाठ करायची गरज नाही.

• ई-बालभारती : शाळेची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत. पुस्तक फाटलं, हरवलं, नवं मिळायला उशीर झाला तर इथून उतरवा.

• मराठी विश्वकोश : सगळे विषय, मराठीतून. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना फार उपयोगी.

• महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ : मंडळानं काढलेली पुस्तकं ई-पुस्तक म्हणून मोफत. चरित्रं, इतिहास, कोश भरपूर.

• दर्शनिका विभाग : जिल्ह्यांची गॅझेटियर. आपल्या जिल्ह्याचा इतिहास, पिकं, यात्रा, जुने आकडे.

• नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया : आयआयटी खरगपूरनं बनवलेलं, २०१८ मध्ये देशाला अर्पण केलेलं. हे मोठा मोंढा समजा. माल बऱ्याचदा दुसऱ्या संस्थांचा असतो, इथं एका जागी शोधता येतो. नोंदणी मोफत.

• शोधगंगा आणि कृषिकोश : वर सांगितलेच.

सगळीच पुस्तकं फुकट का नाहीत, असं कुणी विचारेल. आपल्या कायद्यानं लेखक वारल्यानंतर ६० वर्षांपर्यंत पुस्तकाचे हक्क त्याच्या वारसांकडं राहतात. त्या आधी परवानगीशिवाय पुस्तक स्कॅन करून टाकणं म्हणजे चोरी. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ आणि हे पोर्टल यात हाच फरक आहे.

शोधताना आपल्या भागासाठी चार युक्त्या

१) गावाचं नाव एकटं टाकू नका. 'माळेगाव लोहा नांदेड यात्रा' असं चार शब्द टाका.

२) लोहा तालुका आधी कंधारमध्ये होता. म्हणून जुन्या गॅझेटियरमध्ये लोह्याची माहिती कंधारखाली बघा.

३) मराठी, इंग्रजी दोन्हीत बघा. जुन्या इंग्रजी कागदांत नावांची अक्षरं वेगळी असतात. कंधार 'के'नं सापडलं नाही तर 'क्यू'नं बघा.

४) फाइलीत शब्द सापडला नाही म्हणून सोडू नका. ती फोटोची फाइल असेल. अनुक्रमणिका उघडून पान नंबर बघा.

गावच्या वाचनालयाचं काय?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्यातून गावोगावी हजारो वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळालं. आज कितीतरी ठिकाणी ती फक्त पेपर वाचायची जागा झालीत. पण मला वाटतं, या पोर्टलांचं गावातलं दार तीच होऊ शकतात. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि ही नावं माहीत असलेला एक माणूस. म्हातारा शेतकरी म्हणाला, "लिंबाच्या गळीवर काय ते बघ," तर त्यानं शोधून चार पानं काढून द्यावीत. सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला निघतो, तर वाचनालयात हे का निघू नये?

आणि उलट दिशेनंही काम आहे. गावच्या वाचनालयात, जुन्या शाळेत, कुणाच्या माळवदावर यात्रेच्या जुन्या पावत्या, मुक्तिसंग्रामाच्या आठवणींच्या वह्या, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक पडून आहेत. वाळवी लागायच्या आधी ते जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला स्कॅन करायला द्या. मूळ कागद परत घ्या. आणि नोंद लिहिताना शेजारी बसा, गाव-तालुका-जिल्हा नीट लिहिलंय ना ते बघा.

ज्यांची लेकरं महाविद्यालयात आहेत त्यांनी पालक सभेत तीन प्रश्न विचारावेत. ग्रंथालयाची यादी घरून मोबाईलवर दिसते का? विद्यार्थ्याला घरून वापरायचं लॉगिन दिलंय का? आणि ग्रंथालयाचं पान सांभाळायला ठरलेला माणूस कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाला कुणाचं नाव आलं नाही, तर पहिल्या दोन्हींचं उत्तर कळून चुकतं.

पुतणीचा प्रकल्प झाला. तिनं शेवटच्या पानावर त्या पुस्तकाचं नाव, साल आणि 'माळेगाव, ता. लोहा, जि. नांदेड' असं पूर्ण लिहिलंय. एक प्रत तिनं त्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना नेऊन दिली. त्यांनी ती पण कपाटात ठेवली म्हणे. "काका, आता माझी पण नोंद राहिली," ती म्हणाली. म्हणलं, पुढच्या वेळी गेलीस की ती नोंद ऑनलाइन टाकायला सांग, आणि टाकल्याशिवाय तिथून उठू नको.